कोबीचे पैसे, भिंतीवरची यादी आणि दहा रुपयांचा अर्ज

२०२० च्या एप्रिलात आमच्या शेजारच्या तात्यांनी अर्ध्या एकरातल्या कोबीवर रोटर फिरवला. गड्डे तयार होते, एकेक दीड-दोन किलोचा. पण गोव्याच्या गाड्या बंद. बेळगावची भाजी पहाटे चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, राज्यांच्या सीमा आवळल्या आणि काही तासांच्या वाटेवरचं गिऱ्हाईक एका रात्रीत परदेशात गेल्यासारखं झालं. तात्यांनी दोन दिवस बैलांना कोबी घातला. तिसऱ्या दिवशी बैलांनीही तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी रोटर.

पुढं पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक यादी लागली, टाळेबंदीत नुकसान झालेल्या कुठल्या शेतकऱ्यांना सरकारी मदत मिळाली त्याची. चार पानं, सगळी कन्नडमध्ये, त्यातलं शेवटचं पान पावसानं फुगलेलं. तात्या चष्मा लावून उभे राहिले, मग आठवीतल्या एका पोराला हाक मारली. पोरानं बोट फिरवत खालपर्यंत वाचलं.

"तुमचं नाव नाही की वो तात्या."

"का नाही, ते लिहिलंय काय बघ की."

ते लिहिलेलं नव्हतं. कुठल्याच यादीत ते लिहिलेलं नसतं, आणि माझ्या मते शेती-मदतीच्या हिशेबातलं सगळ्यात मोठं भोक तेच आहे. सरकार पैसे कुणाला दिले ते कधीमधी सांगतं. कुणाला नाकारले आणि का नाकारले, ते विचारल्याशिवाय सांगत नाही. कसं विचारायचं तिथवर मी येणार आहेच, पण आधी ते पैसे कुठले होते आणि कुठल्या वाटेनं आले ते बघू. वाट माहीत असली तर गाडी कुठं रुतली ते कळतं.

'कोरोनाचे पैसे' म्हणजे नेमके कुठले?

गावात सगळ्यालाच 'कोरोनाचे पैसे' म्हणतात. पासबुकावर मात्र वेगवेगळ्या थैल्यांतले पैसे एकाखाली एक छापलेले असतात.

एक थैली केंद्राची. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्याच्या वाट्याला पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता होता, सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना, एप्रिलच्या सुरुवातीलाच. ऐकायला मोठी मदत. पण पीएम-किसान ही २०१९ मध्ये सुरू झालेली योजना, वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. हा हप्ता एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत कधीतरी येणारच होता, तो आधी आला इतकंच. पगार सात तारखेऐवजी एक तारखेला झाला म्हणून कुणी त्याला बोनस म्हणत नाही. अडचणीत लवकर आलेल्या पैशाचा उपयोग होतो, ते नाकारत नाही. पण हिशेब मांडताना नवा पैसा आणि लवकर आलेला जुना पैसा एका रकान्यात घालायचे नसतात. कर्नाटक सरकार त्या काळात पीएम-किसानवर स्वतःचे वर्षाला ४,००० रुपये देत होतं, तेही कोविडच्या आधी ठरलेलेच.

दुसरी थैली राज्याची, आणि खरी नवी. ६ मे २०२० ला मुख्यमंत्री बी. एस. येडियुराप्पा यांनी १,६१० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. न्हावी, परीट, रिक्षावाले, विणकर असे बरेच जण त्यात होते. आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या हातमागवाल्यांनाही २,००० रुपये त्यातलेच. शेतकऱ्यांपैकी फूलवाल्यांना हेक्टरी २५,०००, जास्तीत जास्त एका हेक्टरापर्यंत. लग्नं आणि जत्रा बंद, म्हणजे झेंडू-शेवंती शेतातच. भाजी आणि फळवाल्यांचं नाव त्या दिवशी नव्हतं. ओरड झाली, मग त्याच महिन्यात १६२ कोटींचं दुसरं पॅकेज आलं, त्यात त्यांना हेक्टरी १५,०००. मक्याचं आणखी वेगळं. कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो ही आवई उठली, पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, खाद्याचा मका पडून राहिला आणि दर हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला १,७६० च्या, खाली गेला. त्यांना माणशी ५,००० रुपये ठरले. दुसऱ्या लाटेत, १९ मे २०२१ ला, पुन्हा १,२५० कोटींचं पॅकेज आलं; त्यात फूल, फळ आणि भाजी सगळ्यांनाच हेक्टरी १०,०००.

'आत्मनिर्भर' नावाखाली २० लाख कोटींचा आकडा टीव्हीवर झळकला होता, त्यातलं शेतीचं बहुतेक म्हणजे कर्ज आणि कर्जाची सोय. कर्ज फेडायचं असतं. ते मी या हिशेबात धरत नाही.

आता हेक्टर हा शब्द. आपल्याकडं शेत एकर-गुंठ्यात मोजतात आणि सरकार हेक्टरात बोलतं, त्यामुळं जाहिरातीतला आकडा कायम फुगलेला वाटतो. एक हेक्टर म्हणजे जवळपास २ एकर १९ गुंठे, म्हणजे ९९ गुंठ्यांच्या आसपास. हेक्टरी १५,००० म्हणजे गुंठ्याला सुमारे १५२ रुपये. तात्यांचा कोबी २० गुंठे. त्यांना सगळे पैसे मिळाले असते तरी ते ३,०३५ रुपये झाले असते. रोप, खत, औषध आणि दोन खुरपण्या धरल्या तर त्यातून खर्चाचा एक कोपरा निघाला असता. तात्यांना हे ठाऊक होतं. त्यांचा राग पैशापेक्षा यादीवर जास्त होता.

मक्याचं गणित आणखी मजेशीर. माणशी ५,००० ठरल्यामुळं दहा गुंठ्यांत मका लावलेल्याला आणि सौंदत्तीकडं दहा एकर मका असलेल्याला सारखेच. लहान शेतकऱ्याला हा नियम फायद्याचा, आणि मला तो बरा वाटतो. पण भाजीला क्षेत्रावर आणि मक्याला डोक्यावर का, ह्याचं उत्तर शासन आदेशात शोधावं लागतं. असे आदेश बेंगळूरमध्ये निघतात आणि तिथून गावापर्यंत यायला त्यांना रस्ता सापडत नाही.

पैसा तीन फाटकांतून जातो

पूर्वी मदत आली की तलाठ्याच्या समोर रांग लागायची. आता रांग दिसत नाही, ती संगणकात असते. थेट खात्यावर पैसे, मध्ये कुणी खाणारा नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण, आणि ज्यांनी जुने दिवस पाहिलेत त्यांना तो पटतो. मात्र वाटेत तीन फाटकं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी उघडी लागतात.

पहिलं फाटक जमिनीचं. कर्नाटकात 'भूमी' या जमीन-नोंदींच्या सरकारी व्यवस्थेत सगळे उतारे संगणकावर चढले, आणि त्यावर 'फ्रूट्स' नावाची शेतकरी-नोंदणी बसवली. प्रत्येकाला एक एफआयडी नंबर. त्या नंबराखाली तुमचा आधार, तुमचे सर्व्हे नंबर, बँक खातं. ज्याच्या नावावर उतारा त्याचा एफआयडी. इथंच खानापूर भागातले निम्मे घोटाळे होतात. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, उतारा अजून त्यांच्याच नावावर; वारसा चढवायला सहा भावंडांच्या सह्या हव्यात आणि त्यातला एक मुंबईत, एक पुण्यात. किंवा शेत दुसऱ्याचं, वाट्यानं केलेलं. नुकसान कसणाऱ्याचं, उतारा मालकाचा, पैसे अर्थातच उताऱ्याच्या मागं जातात. वाट्यानं करणाऱ्याचं नाव सरकारच्या कुठल्याच कागदावर नसतं, त्यामुळं नाकारलेल्यांच्या यादीतसुद्धा तो नसतो.

नावांची तऱ्हा वेगळीच. आपलं नाव घरात मराठी, उताऱ्यावर कन्नड, आधारवर इंग्रजी. उताऱ्यात बाईचं नाव 'लक्ष्मीबाई कोम' असं लिहून पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव नाहीच. आधारवर आडनाव आहे आणि 'बाई' गायब. माणूस बघितला तर एका क्षणात कळतं की ही तीच. संगणकाला माणूस दिसत नाही.

दुसरं फाटक पिकाचं. दर हंगामात पीक समीक्षा होते: मोबाइल घेऊन कुणीतरी शेतात उभं राहतो, फोटो काढतो आणि कुठलं पीक ते भरतो. २०२० च्या खरिपापासून शेतकऱ्यालाही स्वतः ते भरायची सोय आली. कोविडच्या मदतीत ह्या नोंदीला फार वजन आलं. नोंद बरोबर असली तर काम सोपं. पण बेळगाव तालुक्यात पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच शेतात भाजी, मसूर किंवा आणखी काही, अशी फेरपालट चालते. पावसाळ्यात येऊन गेलेल्याला भात दिसतो. दुसऱ्यांदा कुणी बांधावर आलाच नाही तर कोबी सरकारच्या लेखी उगवलेलाच नाही.

तिसरं फाटक बँकेचं, आणि हे सगळ्यात फसवं. आधारवरून पैसे येतात तेव्हा ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जातात. आमच्या एका वैनींनी २०२० ची सगळी दिवाळी 'पैसे आले नाहीत' म्हणत काढली. पैसे आले होते. गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेतल्या खात्यात ते सहा महिने बसून होते, आणि त्या खात्याचं पासबुक माहेरच्या ट्रंकेत. तुमचं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं, बँकेतही सांगतात. तक्रारीचा कागद लिहिण्याआधी तेवढं बघून घ्या. राज्याचं डीबीटी कर्नाटक हे ॲप आहे, त्यात आधारवरून कुठल्या योजनेचे किती रुपये कधी पडले ते दिसतं.

ही तिन्ही फाटकं वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात. जमीन महसूलकडं. पीक भाजी-फूल असेल तर बागायत खात्याकडं, मका असेल तर कृषी खात्याकडं. खातं बँकेकडं. म्हणून माणूस रैत संपर्क केंद्रातून (कृषी खात्याचं स्थानिक कार्यालय) नाडकचेरीत (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय), नाडकचेरीतून बँकेत आणि बँकेतून परत केंद्रात फिरत राहतो. खोटं कुणीच बोलत नसतं; प्रत्येकाला आपलंच फाटक दिसत असतं.

उघडी यादी कशाला हवी

माहितीचा अधिकार म्हटला की लोकांना अर्ज आठवतो. पण २००५ च्या त्या कायद्यातलं माझं आवडतं कलम अर्जाच्या आधीचं आहे, कलम ४. ते म्हणतं, काही गोष्टी सरकारनं कुणी न मागताच जाहीर करायच्या, आणि त्यात अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे भिंतीवरची ती पावसानं फुगलेली चार पानं हे कायद्यानं लागलेलं देणं होतं.

कशासाठी? कारण यादी तपासायला गावाइतका जाणता लेखापरीक्षक नाही. कुणाचं शेत कुठं, कुणी काय लावलं होतं, कोण कधीचा मुंबईला स्थायिक झाला, हे बेंगळूरच्या संगणकाला माहीत नसतं, पारावरच्या म्हाताऱ्याला असतं. यादी बंद राहिली की काय होतं ते पीएम-किसानमध्ये दिसलं. २०२० मध्ये तमिळनाडूत साडेपाच लाखांच्या आसपास अपात्र नावं घुसल्याचं आणि ११० कोटींच्या आसपास रक्कम त्यांना गेल्याचं तिथल्या सरकारनंच सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारात केंद्राच्या कृषी मंत्रालयानं दिलेल्या उत्तरात देशभरातले २० लाख ४८ हजार अपात्र लाभार्थी आणि त्यांना गेलेले १,३६४ कोटी असा आकडा आला. त्यातले निम्म्याहून जास्त प्राप्तिकर भरणारे होते. हा आकडासुद्धा कुणीतरी अर्ज टाकल्यावर बाहेर आला.

यादी लोकांसमोर मोठ्यानं वाचायची, ही कल्पना आपल्या देशात राजस्थानच्या खेड्यांतून आली. मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपत्रकं, बिलं सगळी वाचून दाखवली, आणि कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावानं मजुरी निघालेली लोकांनी तिथल्या तिथं ओळखली. त्या चळवळीतून माहिती अधिकाराचा कायदा आला. पुढं २०१९ मध्ये राजस्थानात सरकारी योजनांची माहिती न मागता उघडी ठेवणारं 'जन सूचना' पोर्टल आलं, आणि त्याच धर्तीवर २०२१ मध्ये कर्नाटकात 'माहिती कणज'. कणज म्हणजे आपली कणगी. नाव झकास आहे. पूर-दुष्काळाच्या नुकसानभरपाईची गाववार यादीही राज्याच्या 'परिहार' पोर्टलवर उघडते. पीएम-किसानची गाववार यादी तर घरबसल्या कुणालाही बघता येते. गावाचं नाव निवडा आणि शेजाऱ्यांची नावं वाचा. आमच्याकडं एका लग्नाच्या मांडवात हा उद्योग झाला होता आणि जेवणाची दुसरी पंगत त्यामुळं उशिरा बसली.

सरकारी यादी लोकांपुढं यायला धडपड करावी लागते, हे फक्त इथलंच दुखणं आहे असं नाही. अमेरिकेनं २०२० च्या एप्रिलात शेतकऱ्यांना थेट वाटायला १,६०० कोटी डॉलर काढले. आपल्याकडं कमाल मर्यादा एक हेक्टर, तिथं एका व्यक्तीला अडीच लाख डॉलर, आणि कंपनीच्या रूपात शेती असेल तर तीन भागीदार धरून साडेसात लाखांपर्यंत. व्यवसाय टिकवायला दिलेल्या दुसऱ्या एका मदतीत शेतंही होती, पण त्या योजनेची सगळी नावं द्यायला तिथलं सरकार तयार नव्हतं. वर्तमानपत्रं कोर्टात गेली, कोर्टानं आदेश दिला आणि १ डिसेंबर २०२० ला पूर्ण यादी बाहेर आली.

स्थानिक भाषा की राजभाषा

आता आपल्या सीमाभागाचा खास गुंता. कायद्यात दोन वेगवेगळे शब्द आहेत आणि दोन्ही आपल्या कामाचे आहेत.

कलम ४ म्हणतं, जाहीर करायची माहिती 'स्थानिक भाषा' लक्षात घेऊन, त्या भागात लोकांपर्यंत पोचेल अशा पद्धतीनं द्यावी. बेळगावजवळच्या येळ्ळूरची किंवा बेळगुंदीची स्थानिक भाषा कुठली, हा वादाचा विषय होऊ नये. सकाळी दूध घालायला येणारा माणूस कुठल्या भाषेत बोलतो ते बघितलं की झालं. शिवाय १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण ठरलं, त्यात ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पभाषक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही काढावेत असं आहे. म्हणजे भिंतीवरच्या यादीखाली मराठीत निदान रकान्यांची नावं मागणं हा काही हट्ट नव्हे. यात कन्नडला विरोध कुठंच नाही. यादी कन्नडमध्ये असावीच, ती राज्याची भाषा आहे आणि शेजारच्या गल्लीतल्या बसाप्पालाही ती वाचायची आहे.

अर्जाचं कलम ६ मात्र वेगळं बोलतं. तिथं शब्द आहे, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची 'राजभाषा'. कर्नाटकाची राजभाषा कन्नड. त्यामुळं मराठीत लिहिलेला माहिती अर्ज टेबलावरचा माणूस परत करू शकतो, आणि करतोही. आमच्याकडं दोन अर्ज असे परत आले, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं: हिंदी चालते, आणि हिंदीची लिपी आपलीच. शाळेत शिकलेली हिंदी पुरते. 'मला यादी पाहिजे' ऐवजी 'मुझे सूची चाहिए'. लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगा. ते कागदावर उतरवून घ्यायला मदत करणं हे त्याच कलमानं माहिती अधिकाऱ्याचं काम ठरवलेलं आहे. साधी तक्रार किंवा गाऱ्हाणं असेल, माहिती अर्ज नसेल, तर राज्यघटनेचं कलम ३५० राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत लिहायची मुभा देतं. तिथं मराठी खुशाल लिहा.

अर्जात काय मागायचं

फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर जोडली तरी चालते. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि सहसा १५० शब्दांत असावा असा नियम आहे, म्हणून रामायण सांगू नका. भावाशी भांडण, तलाठ्याचा स्वभाव, मागच्या सरपंचाचे पराक्रम, सगळं बाहेर. आणि 'का' विचारू नका. 'मला पैसे का मिळाले नाहीत' ह्यावर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, कारण कायदा तुम्हाला कागद देतो, खुलासा देत नाही. कागद मागा, खुलासा त्यातच असतो.

भाजीच्या मदतीसाठी तालुक्याच्या बागायत खात्याकडं मी हे चार कागद मागेन: मदतीचा शासन आदेश आणि पात्रतेचे निकष; आपल्या गावाची लाभार्थी यादी, त्यात नाव, सर्व्हे नंबर, पीक, क्षेत्र, रक्कम आणि तारीख; त्याच गावातल्या नाकारलेल्या आणि बँकेतून परत आलेल्या नावांची यादी, कारणाच्या रकान्यासकट; आणि आपल्या सर्व्हे नंबरची त्या वर्षाची पीक समीक्षेची नोंद. तिसरा कागद विसरू नका. पहिले दोन मागणारे बरेच भेटतात. तिसरा मागितला की टेबलापलीकडचा माणूस पहिल्यांदा मान वर करून बघतो.

'हे आमच्याकडं नाही, कृषी खात्याकडं जावा' असं कुणी म्हणालं तर न भांडता अर्ज तिथंच द्या आणि पोच घ्या. चुकीच्या दारात पडलेला अर्ज पाच दिवसांत बरोबर दारात पोचवणं हे त्यांचं काम आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, आणि तिथंही पाणी लागलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे, बेंगळूरची रात्रीची गाडी धरायला नको. वेळ लागतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

एक हरकत हमखास येईल: 'ही लोकांची खासगी माहिती आहे.' ही हरकत निम्मी खरी आहे. आधार नंबर जाहीर करायला कायद्यानंच मनाई आहे, खाते नंबर भिंतीवर लावणं म्हणजे चोराला आमंत्रण. पण नाव, गाव, पीक, क्षेत्र आणि रक्कम हा सरकारी पैशाचा हिशेब. युरोपात ह्याच वादावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये शेती-अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावं सरसकट प्रसिद्ध करणं रद्द ठरवलं. मग तिथल्या सरकारांनी २०१३ मध्ये नियम बदलून लहान रक्कम घेणाऱ्यांची नावं झाकली आणि बाकीची पुन्हा उघडी केली. वाट निघते. आपल्याकडं मात्र २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं खासगीपणाचं कलम आणखी रुंद केलं, म्हणून नकाराचं पत्र लिहिणं आता सोपं झालंय. तसं पत्र आलं तर अपिलात दोन गोष्टी लिहा. लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करायला सांगणारं कलम ४ अजून जागेवर आहे. आणि लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) सुद्धा.

तात्यांना पैसे मिळाले नाहीत. पण अर्ज त्यांनी घातला, हिंदीत, माझ्या हस्ताक्षरात. पहिल्या खेपेला फक्त लाभार्थ्यांची तीच चार पानं आली. अपील केल्यावर दुसरं पाकीट आलं, त्यात नाकारलेल्यांची यादी आणि तात्यांच्या सर्व्हे नंबरची नोंद. पुन्हा कन्नड. तो पोरगा आता नववीत गेला होता. अंगणात बसून त्यानं रकाने वाचले. पावसाळा, पीक भात, बरोबर. त्याच्या खालच्या ओळीत पिकाच्या जागी एकच शब्द होता. पोरगा अडखळला, पण तात्यांनी आयुष्यभर कन्नड माणसांशी बाजार केलेला, तो शब्द त्यांना ऐकूनच कळला. बीळु. पड.

"पड?" तात्या म्हणाले. "मग बैलांनी दोन दिवस काय खाल्लं?"